अंमल उतरल्यावर शिकलेलं कुठे जातं?

१९६४ साली डोनाल्ड ओव्हर्टन यांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात केलेल्या प्रयोगांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातला उंदीर गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला पेंटोबार्बिटल हे गुंगीचं औषध दिलेलं आहे, शरीराच्या दर किलो वजनामागे २५ मिलिग्रॅम. ही मात्रा थोडीथोडकी नव्हे. उंदीर झोपत नाही, पण त्याचे पाय लडखडतात. त्याला इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या अरुंद वाटेत सोडतात. जमिनीतून विजेचा झटका बसत असतो आणि फाट्यावरून एका विशिष्ट बाजूला वळलं की सुटका होते. काही खेपांत तो ते शिकतो. गुंगीतच, धडपडत, पण नीट शिकतो.

मग औषध उतरतं. उंदीर पूर्ण शुद्धीवर येतो, पाय भक्कम, नाक तरतरीत. त्याच वाटेत त्याला सोडतात आणि तो फाट्यावर असा वागतो की जणू ही जागा त्याने जन्मात पाहिलेली नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कोणीही म्हणेल, गुंगीत शिकलेलं ते काय शिकलेलं, धुऊन गेलं. पण ओव्हर्टन यांनी त्याला पुन्हा तेच औषध दिलं, आणि पाय लडखडत असताना उंदीर बरोबर सुटकेच्या बाजूला वळला.

पुढे त्यांनी एकाच उंदराला औषधाच्या अंमलाखाली एका बाजूला आणि शुद्धीत विरुद्ध बाजूला वळायला शिकवलं. दोन्ही धडे त्याने शिकले आणि त्यांचा एकमेकांत घोळ होऊ दिला नाही. एकाच मेंदूत, एकाच फाट्याबद्दल, दोन विरुद्ध उत्तरं नांदत होती आणि कुठलं उत्तर पुढे येणार ते रक्तात काय आहे यावर ठरत होतं.

या प्रकाराला अवस्थाधीन अध्ययन म्हणतात. अभ्यासक आपसात बोलताना ‘स्टेट-डिपेंडंट लर्निंग’च म्हणतात. ज्या अवस्थेत शिकलं त्या अवस्थेत ते सहज आठवतं, अवस्था बदलली की हाताला लागत नाही. ऐकायला साधं वाटतं. मला मात्र त्याने स्मरणाकडे पाहायची सवयच मोडायला लावली. आपण प्राण्याला प्रश्न विचारतो, तो उत्तर देत नाही, आणि आपण निकाल देतो की त्याला येत नाही. प्रश्न कुठल्या अवस्थेत विचारला, याचा हिशेब आपण धरतच नाही.

ओव्हर्टन यांच्या आधीही हे कोणाच्या नजरेस पडलं नव्हतं असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्ज कूम्ब या स्कॉटिश लेखकाने एका आयरिश हमालाची हकीकत नोंदवली. दारूच्या नशेत त्याने एक मौल्यवान पुडकं चुकीच्या घरी ठेवलं, शुद्धीवर आल्यावर काही केल्या आठवेना. पुन्हा प्यायला तेव्हा कुठे ठेवलं ते आठवलं. कूम्ब कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या पंथातले, त्यामुळे त्यांच्या बाकीच्या सिद्धान्तांना आज काही किंमत नाही. ही हकीकत मात्र टिकली.

प्राण्यांमधला पहिला ठोस पुरावा १९३७ सालचा. एडवर्ड गर्डन आणि एल्मर कलर यांनी कुत्र्यांना क्युरारी दिलं. हे दक्षिण अमेरिकेतलं बाणांना लावायचं विष. त्याने स्नायू लुळे पडतात. घंटा वाजवायची आणि विजेचा झटका द्यायचा, असं वारंवार केलं की नुसत्या घंटेनेही पायाचा एक उघडा केलेला स्नायू किंचित फडफडू लागे. कुत्रा शुद्धीवर आला की घंटा वाजवूनही ती फडफड नाहीशी होई. पुन्हा क्युरारी दिलं की परत येई. उलट बाजूनेही तसंच: शुद्धीत शिकलेलं क्युरारीखाली लपे आणि क्युरारी उतरल्यावर पुन्हा दिसे. या प्रयोगाचं वर्णन मला सलग वाचवत नाही. हलता न येणारा कुत्रा, घंटा आणि झटका. त्या कुत्र्याला काय वाटत असेल हा विचार बाजूला ठेवून मला ते वाचता येत नाही, आणि तो बाजूला ठेवावा असंही वाटत नाही.

ओव्हर्टन यांच्या कामाचं खरं महत्त्व मला दिसतं ते प्रयोगाच्या रचनेत. एखादं औषध स्मरणशक्ती बिघडवतं का, हे बघायची सगळ्यात सरळ वाटणारी पद्धत अशी: निम्म्या उंदरांना औषध देऊन शिकवायचं, निम्म्यांना नुसतं सलाइन टोचून. दुसऱ्या दिवशी कोणालाच औषध न देता परीक्षा घ्यायची. औषधवाले नापास झाले की लिहून टाकायचं, औषधामुळे स्मरण बिघडतं. यात गफलत अशी की औषधवाल्या उंदरांची अवस्था शिकताना एक होती आणि परीक्षेला दुसरी. सलाइनवाल्यांची अवस्था बदललीच नाही. म्हणजे नापास होण्याची कारणं दोन असू शकतात, औषधाने शिकणंच बिघडलं किंवा अवस्था बदलल्याने शिकलेलं हाताला लागेना, आणि या मांडणीत ती दोन वेगळी काढायची सोयच नाही.

सोय करायची तर चार गट लागतात. औषधात शिकलेले आणि औषधात तपासलेले. औषधात शिकलेले आणि शुद्धीत तपासलेले. शुद्धीत शिकलेले आणि औषधात तपासलेले. आणि दोन्ही वेळा शुद्धीत असलेले. पहिला गट पास झाला आणि दुसरा नापास, तर उंदीर शिकले होते हे नक्की. पहिलाही नापास झाला तर औषधाने शिकण्यालाच धक्का लावला, असं म्हणायला जागा होते. स्कोपोलॅमीनसारखी औषधं, जी मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची वाट अडवतात, ती खरोखरच शिकणं बिघडवतात, तेव्हा सगळा दोष अवस्थाबदलावर ढकलणंही बरोबर नाही. बऱ्याचदा दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. आणखी एक खुबी अशी की ही दरी दोन्ही बाजूंनी सारखी रुंद असतेच असं नाही. शुद्धीत शिकलेलं औषधाच्या अंमलात पुष्कळदा बरंच टिकतं. औषधात शिकलेलं शुद्धीत आणताना मात्र जास्त अडतं.

दुसरी एक हुशार वाट जेम्स मॅकगॉ यांनी रूढ केली. औषध शिकवण्याच्या आधी द्यायचंच नाही, शिकवून झाल्यावर लगेच द्यायचं. म्हणजे शिकताना प्राणी शुद्धीत, परीक्षेलाही शुद्धीत; औषधाचा हात लागतो तो फक्त मधल्या काळात, आठवण मुरत असताना. १९१७ साली कार्ल लॅशली यांनी स्ट्रिक्निन या विषाची अगदी लहान मात्रा दिलेले उंदीर चक्रव्यूह लवकर शिकतात असं दाखवलं होतं. पण तिथे औषध आधी दिलेलं, त्यामुळे उंदीर जास्त सावध झाला, जास्त धावला की त्याची आठवण पक्की झाली, हे सांगता येत नव्हतं. मॅकगॉ यांच्या पद्धतीने तो गुंता सुटला. शिकणं संपल्यानंतरही काही काळ आठवण कच्ची असते आणि त्या काळात तिला बळ देता येतं किंवा कमजोर करता येतं, ही समज त्यातूनच पक्की झाली.

ओव्हर्टन यांच्या उंदरांकडे परत येतो, कारण त्यांच्यापासून एक वेगळीच शाखा फुटली. औषध घेतलंय की नाही यावरून उंदीर कुठे वळायचं ते ठरवत असेल, तर आपल्या शरीरात आत्ता काय चाललं आहे हे त्याला कळतं. मग हेच त्याला विचारायचं. पिंजऱ्यात दोन कळा. औषध दिलेल्या दिवशी डावी दाबली की खायला मिळणार, सलाइनच्या दिवशी उजवी. उंदीर हे शिकला की त्याला अनोळखी औषध द्यायचं आणि तो कुठली कळ दाबतो ते बघायचं. मॉर्फिनवर शिकवलेला उंदीर दुसऱ्या अफूजन्य औषधावर ‘औषधाची’ कळ दाबतो, उत्तेजक औषधावर दाबत नाही. भास घडवणाऱ्या एलएसडीवर शिकवलेल्या उंदराला सिरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचे ठरावीक ग्राही, म्हणजे ते रसायन पेशींवर जिथे बसतं त्या जागा, रोखणारं औषध आधी दिलं, तर एलएसडी देऊनही तो सलाइनच्या कळेकडे जातो. बोलता न येणाऱ्या जिवाने आपल्या आतल्या अवस्थेबद्दल दिलेली ही साक्ष आहे, आणि औषधशास्त्राने तिच्यावर कित्येक वर्षं विश्वास टाकून काम केलं आहे. प्राण्यांना आतलं जग असतं का, हा वाद ऐकला की मला हे उंदीर आठवतात. निदान एवढं तरी त्यांनी आपल्याला कळ दाबून सांगितलेलं आहे.

हे फक्त मोठ्या मेंदूचं कौतुक असेल असं वाटणं स्वाभाविक आहे. पण सीनोऱ्हॅबडायटिस एलेगन्स नावाचा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी असतो. त्याच्या सर्वसामान्य, उभयलिंगी रूपात चेतापेशी ३०२, एक कमी नाही की जास्त नाही. २००४ साली जिल बेटिंगर आणि स्टीव्हन मॅकिन्टायर यांनी या कृमीला दारूच्या अंमलात एका वासाची सवय करून दिली. एरवी तो त्या वासाकडे ओढला जातो; सवय झाल्यावर ओढला जाईना. पण ती सवय दारू असतानाच दिसे. दारू नसताना तो पुन्हा वासाकडे निघे, जणू काही घडलंच नाही. आणि ज्या कृमींना डोपामीन हे चेतापेशींमधलं निरोप्या रसायन नीट तयार करता येत नाही, त्यांच्यात हा प्रकार दिसला नाही. ३०२ पेशींतसुद्धा शिकणं आणि अवस्था यांची गाठ बसते, तर ती गाठ जीवसृष्टीत फार जुनी असणार, असं मला वाटतं.

उंदरात ती गाठ नेमकी कशी बसते याचा एक धागा २०१५ साली हाती आला. येलेना रादुलोविच यांच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने छोट्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात, गॅबोक्सॅडॉल हे औषध सोडलं. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचे काही ग्राही पेशींच्या जोडांबाहेर असतात, त्यांना हे औषध चेतवतं. त्या अवस्थेत उंदरांना एका पेटीत हलकासा झटका दिला. दुसऱ्या दिवशी औषध न देता त्याच पेटीत ठेवलं तर ते निवांत फिरत राहिले. औषध देऊन ठेवलं तर भीतीने जागच्या जागी थिजले. एरवी असली आठवण साठवायला आणि उकलायला मेंदू ज्या वाटा वापरतो, त्या इथे नव्हत्याच. दुसऱ्याच जाळ्याने काम केलं होतं. या प्रयोगात औषध म्हणजे नुसती खूणगाठ नाही. आठवण कुठल्या वाटेने नोंदवली जाणार, हेच औषधाने ठरवलं.

बाहेरून औषध द्यायलाच हवं असंही नाही. ब्राझीलमधल्या इव्हान इझ्किएर्दो यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की भीतीच्या क्षणी शरीर जे स्वतःच सोडतं, अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं, तीसुद्धा अशीच अवस्था घडवतात. घाबरून शिकलेलं शांतपणी नीट हाताला लागत नाही. परीक्षेआधी तेच द्रव्य टोचलं तर लागतं.

त्याहून मला थक्क करतो तो डेव्हिड रिचिओ यांच्या गटाचा १९७५ सालचा प्रयोग. उंदरांना धडा शिकवल्यावर लगेच त्यांचं शरीर खूप थंड केलं. नंतर तपासलं तर धडा विसरलेले. शरीर गार पडल्याने आठवण मुरायच्या आतच पुसली गेली, असा सरळ अर्थ कोणीही लावला असता. पण परीक्षेआधी उंदरांना पुन्हा थंड केलं आणि आठवण परत आली. पुसली गेलेली गोष्ट परत कशी येईल?

इथून पुढे वाद आहे आणि तो आजही मिटलेला नाही. अ‍ॅनिसोमायसिन हे प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध. शिकवल्यावर ते दिलं की प्राणी दुसऱ्या दिवशी विसरलेला दिसतो. त्यावरून अनेक दशकं असं शिकवलं गेलं की नवी प्रथिनं बनली नाहीत तर आठवण पक्की होतच नाही. रिचिओ आणि फ्रान्समधल्या पास्काल जिस्के-व्हेरिए यांचं म्हणणं वेगळं: आठवण आहे, ती त्या औषधाच्या अवस्थेशी बांधली गेली आहे आणि परीक्षेला ती अवस्था नसते. मळमळ आणणारं लिथियम क्लोराइड देऊनही असंच ‘विसरणं’ घडवता येतं आणि परीक्षेआधी पुन्हा दिलं तर उलटवता येतं, हा त्यांचा पुरावा. सगळ्यांनी तो मानलेला नाही. पण २०१५ मध्येच अमेरिकेतल्या एमआयटीत सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने अगदी निराळ्या मार्गाने जवळचीच गोष्ट दाखवली. शिकताना जागृत झालेल्या पेशींवर खूण करून ठेवली, अ‍ॅनिसोमायसिन देऊन उंदराला विसरायला लावलं आणि मग त्या पेशी प्रकाशाने चेतवल्या. उंदीर घाबरला. आठवण होती, नेहमीच्या खुणांना ती दाद देत नव्हती. माझा कल या बाजूचा आहे हे लपवत नाही. विसरणं म्हणून जे मोजलं जातं त्यातलं बरंचसं पोचता न येणं आहे, असं मला हे सगळं वाचल्यावर ठामपणे वाटतं.

याचा अर्थ अवस्था म्हणजेच सगळं, असा नाही. माणसांवरच्या अभ्यासांचा धांडोळा घेऊन एरिक आइक यांनी १९८० साली फार मोलाची गोष्ट मांडली: आठवणीला दुसरा आधार नसेल, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं असेल, तेव्हा अवस्थेचा प्रभाव ठळक दिसतो, एखादी स्पष्ट खूण दिली की तो बहुतेक मावळतो. प्राण्यांतही धडा खूप वेळा गिरवलेला असला, खुणा ठसठशीत असल्या, तर औषधाने पडलेली दरी अरुंद होते. शिवाय ती मात्रेवर आणि औषधावर अवलंबून असते. पेंटोबार्बिटल आणि दारूने ती सहज पडते, मनोविकारावरच्या क्लोरप्रोमेझिनसारख्या औषधांनी फारच कमी.

हे सगळं मला जवळचं झालं ते आमच्या कुत्रीमुळे. ढगांच्या गडगडाटाला ती विलक्षण घाबरायची. पलंगाखाली शिरून तासन्‌तास थरथरायची. पशुवैद्यांनी दिलेली गोळी वेळेत पोटात गेली की ती डोकं पुढच्या पायांवर ठेवून पडून राहायची, वरती कितीही गडगडो. घरात सगळ्यांना आशा होती की अशी काही वादळं शांतपणे गेली की तिला कळेल, या आवाजाने आपलं काही होत नाही. पण अवचित वादळ आलं, गोळी द्यायला वेळ मिळाला नाही, की थरथर तेवढीच. वर्षानुवर्षं तेवढीच.

पुढे व्हरमाँट विद्यापीठातल्या मार्क बाउटन यांच्या गटाचा १९९० सालचा निबंध वाचला आणि तिची थरथर वेगळ्या रीतीने समजली. उंदरांना एका पेटीची भीती बसवली. मग झटका न देता त्याच पेटीत पुन्हापुन्हा ठेवून ती भीती विझवली, पण ही विझवण्याची शिकवण काही उंदरांना क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामच्या अंमलात दिली. दोन्ही चिंता कमी करणारी, सर्रास वापरातली औषधं. औषध असताना भीती विझलेली दिसे. औषधाशिवाय तपासलं की ती परत उभी राही. ‘इथे आता धोका नाही’ हे उंदीर शिकले होते, पण ते शिकणं औषधाच्या अवस्थेत अडकून पडलं होतं. मूळ भीती मात्र शुद्धीत शिकलेली, म्हणून शुद्धीत हजर. आमच्या कुत्रीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, कदाचित गोळीच्या गुंगीत ती काही शिकलीच नसेल. तरी गोळीने तिला त्या त्या वादळात आराम मिळाला, ही गोष्ट मला आजही कमी वाटत नाही. हे वाचून कोणी स्वतःची किंवा आपल्या प्राण्याची औषधं मनाने थांबवू नयेत. आराम मिळवणं हे एक काम आणि भीती विझवणं हे दुसरं. दोन्हींसाठी एकाच गोळीवर विसंबता येईलच असं नाही, इतकाच याचा अर्थ.

अवस्थेत जागासुद्धा सामील होते, हे शेपर्ड सीगल यांनी मॅकमास्टर विद्यापीठात दाखवलं, आणि त्यांचे १९८२ सालचे आकडे वाचताना अंगावर काटा येतो. काही उंदरांना ठरावीक जागी हेरॉइन देत मात्रा वाढवत नेली. शरीर त्या जागेलाच ओळखू लागलं: इथे आलो की औषध येणार, तयारीला लागा. मग सगळ्यांना एक फार मोठी मात्रा दिली. ज्यांना ती नेहमीच्या जागी मिळाली त्यांतले सुमारे ३२ टक्के मेले. ज्यांना अनोळखी जागी मिळाली त्यांतले ६४ टक्के. ज्यांना हेरॉइनची सवयच नव्हती त्यांतले ९६ टक्के. पहिल्या दोन गटांना आधी मिळालेलं औषध सारखंच होतं, फरक होता तो जागेचा. शरीराने काय शिकलं होतं ते नव्या जागी त्याला आठवलं नाही. व्यसनातून काही काळ बाहेर राहिलेली किंवा अनोळखी ठिकाणी नशा करणारी माणसं नेहमीच्याच मात्रेने कशी दगावतात, याचा एक भाग यातून उलगडतो.

या संशोधनाची किंमत प्राण्यांनी दिली आहे, झटके सोसून, सुया टोचून घेऊन आणि मरून, आणि त्याबद्दल लिहिताना ते विसरून चालत नाही. म्हणूनच चार गटांचा मुद्दा मला तांत्रिक वाटत नाही. दोनाऐवजी चार गट घ्यायचे तर प्राणी दुप्पट लागतात, आणि कमीत कमी प्राणी वापरा हा दंडक योग्यच आहे. तरीही दोनच गट घेऊन ‘औषधाने स्मरण बिघडतं’ असं लिहिणारा निबंध हाती आला की मला त्या दोन्ही गटांतल्या उंदरांसाठी वाईट वाटतं. त्यांना झटके बसले, आणि ज्या प्रश्नासाठी बसले त्याचं उत्तर त्या मांडणीतून मिळणारच नव्हतं. औषधात शिकलेल्यांना निदान एकदा पुन्हा औषध देऊन फाट्यावर सोडलं असतं, तर ते कुठे वळतात ते तरी कळलं असतं.